अर्धा फेरा

"सावकाश!"

आवाज वरून आला. मी बाबांच्या होडीला टेकवलेल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते, एका हातात बाबांची हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात माझी पर्स. मान वर केली तर शेजारच्या होडीच्या डोलकाठीवर, जमिनीपासून चांगला दोन मजले उंच, कापडी झोळीत बसून एक माणूस माझ्याकडे बघत होता.

"शिडीचा एक पाय तेलाच्या डागावर आहे," तो म्हणाला. "सरकेल."

"मग आधी सांगायचं!"

"आधी तुम्ही विचारलं नाहीत."

मी तणतणत खाली उतरले. पाय जमिनीला लागतो न लागतो तोच शिडी खर्रकन घसरली आणि आडवी झाली. वर झोळीत कोणी हसलं नाही. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं...

मी दातांची डॉक्टर. माझ्याकडे दर पंधरा मिनिटांनी एक माणूस तोंड उघडून बसतो, आणि 'सावकाश' हा शब्द मी फक्त खुर्चीतल्या घाबरलेल्या लोकांकडून ऐकते. या माणसाचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल, पण होड्यांच्या त्या यार्डात सगळे त्याला 'सावकाश' म्हणूनच हाक मारत. डोलकाठ्या उभ्या करणं, त्यांच्या तारा ताणणं, दोर बदलणं हे त्याचं काम. आणि नशिबाने बाबांच्या होडीचं कामही त्याच्याकडेच आलं होतं.

होडी तशी लहानच. तिघं बसली की चौथ्याने काठावरून हात हलवायचा. पण तळाला कील, म्हणजे शिशाचं जड पातं, त्यामुळे वाऱ्यात कितीही कलली तरी उलटायची नाही. बाबा तिला 'बाईसाहेब' म्हणत. सुकाणू बाबांकडे, पुढचं शीड आईकडे, अशी त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग बाबांचे गुडघे गेले, पाठोपाठ आईची कंबर, आणि बाईसाहेब चार वर्षं यार्डात लाकडी टेकूंवर बसून राहिल्या.

गेल्या वर्षी बाबांनी विचारलं होतं, "तू घेतेस का?"

"वेळ कुठेय, बाबा?" मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता त्यांनी एका चष्मेवाल्या गृहस्थांना शब्द दिला होता. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, ते होडी चालवून बघणार आणि पसंत पडली की घेऊन जाणार. तोवर ती धड करायची होती. बाबांना शिडी चढवत नव्हती, म्हणून देखरेखीला मी. दुपारी एक ते चार माझा दवाखाना बंद असतो. मला वाटलं होतं, दोन दुपारी जातील फार तर.

तळ खरवडण्यातच पाच गेल्या. मग रंगाचे दोन हात. मी पटापट घासायची, तो हलक्या हाताने माझंच घासलेलं पुन्हा घासायचा. मी चिडायची. तो म्हणायचा, "छान झालंय. फक्त थोडं राहिलंय." आणि हे 'थोडं' संपेपर्यंत चार वाजायचे.

डोलकाठी आडवी ठेवून तो तारांची टोकं तपासत होता, तेव्हा मी माझ्या पिशवीतून दात बघायचा छोटा आरसा काढला. उगाच, गंमत म्हणून. एका लोखंडी टोकाच्या मागच्या बाजूला धरला आणि माझी नजर अडकली.

"इथे चीर आहे," मी म्हटलं.

"नाही. मी दोनदा पाहिलंय."

"दाढेच्या मागेही असंच असतं. समोरून सगळं छान दिसतं."

तो आला, माझ्या खांद्याशी वाकला. केसाएवढी बारीक चीर. त्याच्या शर्टाला दोराचा आणि डांबराचा वास येत होता... आणि मी नको तेवढा वेळ आरसा धरून उभी राहिले.

"बदलतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "हा आरसा मला द्याल?"

"माझ्याकडे असे चाळीस आहेत."

"मला हाच हवा."

मी दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं. घरी जाताना मी सिग्नलला एकटीच हसत होते. शेजारचा रिक्षावाला बघत होता, बघू दे म्हटलं.

एका दुपारी सर आली. आम्ही दोघं होडीच्याच पोटाखाली जाऊन बसलो. ताज्या रंगावरून पाणी ओघळत होतं. त्याने डब्यातला चहा झाकणात ओतून मला दिला.

"टर्नबकलवर लाल खुणा आहेत," तो म्हणाला. "कशाच्या?" टर्नबकल म्हणजे तारेच्या खालचा पेच. फिरवला की तार आवळते.

"आईच्या नेलपॉलिशच्या. किती आवळायचं ते कळावं म्हणून बाबांनी लावल्या. आई अजून त्या बाटलीसाठी भांडते."

तो हसला. पहिल्यांदाच हसला, आणि मला ते फारच आवडलं.

"मग विकताय कशाला?"

मी झाकणातल्या चहाकडे बघत राहिले. "कारण विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. आता होय म्हणावंसं वाटतंय, तर बाबांचा शब्द गेलाय. आणि बाबा शब्द फिरवत नाहीत." त्याने डब्यातला उरलेला चहाही माझ्या झाकणात ओतला. पाऊस थांबल्यावरही तो उठला नाही.

शनिवारी दुपारी बाईसाहेब पाण्यात उतरल्या. डोलकाठी उभी राहिली, आता तारा ताणायच्या होत्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन.

"मी उजवीकडे, तुम्ही डावीकडे," सावकाश म्हणाला. "मी अर्धा फेरा आवळला की 'झाला' म्हणेन. मग तुम्ही अर्धा. दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर काठी वाकते."

मी पाना घेतला आणि घाईत पूर्ण फेरा मारला.

"डॉक्टर."

"काय?"

"वर बघा."

डोलकाठी चक्क माझ्याकडे झुकली होती.

"तिला मी आवडले असेन," मी म्हटलं.

"तिची चूक नाही," तो तारेकडे बघत पुटपुटला. "पण अर्धा फेरा सोडा."

मी सोडला. कान गरम झाले होते, ते लपवायला मीच म्हटलं, "असं मुकाट्याने मला जमणार नाही. प्रत्येक फेऱ्याला एक प्रश्न. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा फेरा नाही."

"चालेल. झाला."

"जन्मापासून असेच सावकाश आहात?"

"नाही. आधी फार घाई करायचो. एकदा घाईत तार नीट आवळली नाही, तर भर पाण्यात डोलकाठी पडली. कुणाला लागलं नाही. पण तो आवाज अजून ऐकू येतो." त्याने माझ्या तारेकडे बोट केलं. "तुमचा फेरा."

"झाला. विचारा."

"दात काढताना भीती वाटते?"

"रोज. दाखवत नाही."

"झाला."

"लग्न?"

"कुणाशी?"

"प्रश्नाला प्रश्न चालणार नाही!"

"नाही झालं. आई रोज विचारते. तुमच्यासारखंच, तावातावाने."

असं करत करत सहाही तारा लाल खुणांपाशी आल्या. आता प्रत्येक टर्नबकलमध्ये दोन बारीक पिना घालायच्या, म्हणजे तो लाटांच्या हिसक्यांनी आपोआप सुटत नाही, आणि वरून चिकटपट्टी. पिना माझ्या स्टीलच्या ताटलीत होत्या, दवाखान्यातल्या. मी एकेक देत होते, तो बसवत होता. अकरा झाल्या. बारावी मी त्याच्यापुढे धरली.

"एक प्रश्न," तो म्हणाला.

"फेरे संपले."

"एकच. उद्यानंतर... इथे याल का?"

माझा हात तसाच मागे आला. उद्यानंतर माझी इथे होडी नसणार होती. मग कशासाठी यायचं? ते कारण ओठांवर आलं होतं, पण बोलायचा धीर होईना. पुढचा फेरा नव्हता, त्यामुळे उत्तर देणंही भाग नव्हतं. "चार वाजले, पेशंट येतील," म्हणत मी ताटली पिशवीत कोंबली आणि पळाले. वळून पाहिलं तर तो खाली मान घालून चिकटपट्टी गुंडाळत होता.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मी ती ताटली धुवायला घेतली आणि बेसिनमध्ये टिणकन काहीतरी पडलं.

पिन.

ती बारावी होती; तिच्याविना लाटांत पेच सुटू शकत होता. बाबा तासाभरापूर्वीच धक्क्यावर गेले होते. फोन लावला तर तो सोफ्यावरच वाजला. सावकाशचा नंबर मी तीन आठवड्यांत मागितलाच नव्हता!

"काय झालं गं?" आईने विचारलं. मी सांगितलं तशी ती चपला घालून माझ्या आधी स्कूटरपाशी.

"आई, तुझी कंबर!"

"कंबर राहू दे. चालव."

धक्क्यावर पोचलो तेव्हा शीड वर चढलं होतं. चष्मेवाले गृहस्थ नवंकोरं जॅकेट घालून सुकाणूपाशी, बाबा धक्क्यावरच्या बाकावर, आणि सावकाश होडीच्या पुढच्या टोकाला. होडी धक्क्याला बांधणारा शेवटचा दोर त्याच्या हातात होता.

"थांबा!" मी अशी ओरडले की पलीकडच्या होडीतला कुत्रा भुंकायला लागला. मी पिन उंच धरली.

एवढ्या लांबून ती दिसणं शक्य नव्हतं. पण त्याने काहीही न विचारता दोर पुन्हा खुंटीला दोन वेढे गुंडाळला, शीड उतरवलं, डावीकडच्या शेवटच्या तारेपाशी गुडघ्यावर बसला आणि चिकटपट्टी कापली. भोक रिकामं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग उरलेल्या पाचही पट्ट्या कापायला लागला.

"आता त्या कशाला?" गृहस्थ म्हणाले.

"एक राहिली, तर बाकीच्यांवर मी कसा भरवसा ठेवू?"

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. सगळ्या तारा पुन्हा बघेन." त्याने खिशाचं बटण काढून माझा आरसा बाहेर घेतला.

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला, मग होडीतून उतरून बाबांपाशी गेले. "राग मानू नका, पण माझं मन धजत नाही. दुपारी दुसरी एक बघायचीय, तीच घेईन म्हणतो."

"म्हणजे माझा शब्द मोकळा?" बाबांनी विचारलं.

"अगदी मोकळा."

ते गेले. मी बाबांच्या बाकापाशी जाऊन बसले.

"बाबा, गेल्या वर्षी एक विचारलं होतंत. आज पुन्हा विचारा ना."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घेतेस?"

"घेते."

"आणि वेळ?"

"गुरुवारी दुपारनंतर दवाखाना बंद. उद्याच पाटी लावते."

"बरं. पण ती एकट्याने न्यायची नाही, हे मी तुला शाळेत असल्यापासून सांगतोय. पुढचं शीड कोण धरणार?"

आईने होडीकडे पाहिलं. आरशात डोळे घालून बसलेल्या माणसाचे कान लालबुंद झाले होते.

मी होडीत उतरले, त्याच्यासमोर बसले.

"कशी राहिली?"

"तुमचं उत्तर यायचं होतं," तो खालीच बघत म्हणाला. "पट्टी गुंडाळत होतो आणि डोक्यात तेवढंच. ती काठी पडल्यापासून अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्ही आल्या नसतात तर..." त्याने आरसा खाली ठेवला. "मला तुम्ही आवडता, डॉक्टर. फार. हे सांगायची ही वेळ नाही, मला कळतंय."

"पिन माझ्या ताटलीत होती. हात मीच मागे घेतला. तेव्हा चूक अर्धी तुझी, अर्धी माझी."

मी पिन भोकात सारली. त्याने पक्कड दिली. तिची दोन्ही टोकं मी नीट फाकवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. आयुष्यात कुठलंही काम मी इतक्या हळू केलं नसेल.

"येईन," मी म्हटलं.

"कुठे?"

"कालचा प्रश्न होता ना? त्याचं उत्तर. दर गुरुवारी येईन. आणि मधे तुझा दात दुखला तर तू यायचंस."

"माझे दात चांगले आहेत."

"ते मी बघून ठरवीन."

तो हसला, आणि मला त्याचे सगळे दात दिसले. चांगले होते खरे.

सहाही तारा पुन्हा तपासून होईपर्यंत दुपार झाली. वारा मंद होता, पाणी चकाकत होतं. आईने काठावरून शिडाबद्दल सात सूचना केल्या, बाबांनी सुकाणूबद्दल आठ. मी सुकाणूपाशी बसले. सावकाश पुढे, हातात शेवटचा दोर.

मी "सोड" म्हणायला तोंड उघडलं, पण त्याने दोर आधीच सोडला होता.