चिनी हकीमाचे पाच रिश्ते

निजामाच्या अमलात शाळा उर्दूतूनच, त्यामुळे चिनी हकीम, म्हणजे तत्त्वज्ञ, कन्फ्यूशियसही जाफरला उर्दूतच भेटला. पुस्तकाची पानं सुटली होती. बाजाराच्या दिवशी बेंबळीहून तो धाराशिवला आला आणि जिल्द बांधणाऱ्या दादामियाँच्या दुकानाशी थांबला. दादामियाँ पुठ्ठे चिकटवायचा सरस आणायला गेले होते. पडद्याआडून मेंदी उतरत चाललेला एक हात आला आणि पुस्तक आत गेलं. प्रेमात पडायला जाफरला तेवढं पुरलं.

तो हात दादामियाँच्या फरिदाचा होता. पानं शिवता शिवता ती वाचायची. जाफर दर बाजारी यायचा, आणि पुस्तक काही शिवून व्हायचं नाही.

"तुमचा चिनी हकीम लई कडक हाय. बापापुढं मान वर करायची न्हाय म्हणं!"

"मान खाली घालून बी बोलता येतं की."

"मग बोला की... कुणी अडवलंय?"

इथं जाफर पुढच्या बाजारी येतो म्हणून निघायचा.

एका बाजारी पुस्तक तयार होतं.

"घेऊन जावा," फरिदा म्हणाली. "सोलापूरहून रिश्ता आलाय. अब्बा आज होकार कळवणार."

काहीतरी बोलायचं म्हणून जाफरनं पुस्तक उघडलं. "यात... पाच रिश्ते हायेत. बादशहा-रयत, बाप-लेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको, दोस्त-दोस्त..."

"मग आपलं नातं कुठलं?"

आत फरिदाची फुफू, म्हणजे आत्या, जमिलाबी गहू निवडत होती. तिला कमी ऐकू यायचं. तिच्या कानावर 'पाच रिश्ते' हे दोनच शब्द पडले, आणि त्या घरात रिश्ता म्हणजे मागणी.

"दादामियाँ!" ती दारात येऊन ओरडली. "सोलापूरला कळवू नगा! पोरगं पाच रिश्ते घेऊन आलंय!"

सरसाचं मडकं हातात घेऊन परतलेले दादामियाँ पायरीवरच थबकले. "पाच? कुणाकुणाचे?"

जाफरनं पुस्तकाकडं पाहिलं. अशा प्रसंगावर कन्फ्यूशियसनं काही लिहिलेलं दिसेना. त्यानं मान खाली घातली.

"एकच हाय, चाचा. चौथा... माझा."

"चौथा म्हंजे?"

पडदा हलला. फरिदाचा आवाज स्वच्छ होता.

"नवरा-बायको, अब्बा."

दादामियाँनी मडकं खाली ठेवलं. मग जाफरच्या हातातलं पुस्तक काढून घेत म्हणाले, "पुढच्या बाजारी बापाला घिऊन ये. ह्ये ऱ्हाऊ दे हितंच, इसार म्हणून."