अर्ध्या बिया

मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक बी पेरतात आणि वाट बघत बसतात. बी जिवंत आहे की मेलेलं, हे मी आधीच सांगते. पद्धत सोपी आहे. बी भिजवायचं, ब्लेडनं उभं कापून त्याची दोन अर्धुकं करायची आणि औषधाच्या पाण्यात ठेवायची. जीव असेल तर ते आतून लालबुंद होतं, नसेल तर पांढरंफटक राहतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

म्हणून मावशी मला 'परीक्षकबाई' म्हणायची. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. मावशीचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता औषधापेक्षा त्यांच्या मनासारखं करा."

तिच्या मनात एकच होतं, 'आपलं फूल'. आई आणि मावशी लहानपणापासून एक वेल लावायच्या आणि दरवर्षी तिचं बी धरून ठेवायच्या. फूल गर्द निळं, नरसाळ्यासारखं, गळ्याशी पांढरं. सकाळी उमलायचं आणि ऊन तापलं की मिटायचं. वास मात्र अजिबात नाही. आई आजारी पडली त्या वर्षी पेरणी राहिली, ती राहूनच गेली. तिनं शेवटचं धरलेलं बी एका चपट्या डबीत पडून होतं.

"एकदा बघू दे गं," मावशी म्हणायची. "मग मी जायला मोकळी."

"जायचं काय घेऊन बसलीस? आधी उगवतंय का ते बघू."

मी डबी कामावर नेली. कवच कठीण झालेलं, म्हणून सगळंच बी भिजत घातलं. त्यातलं थोडंसं कापून तपासायचं आणि बाकीचं पेरायचं, असा बेत होता. आमच्याकडे ज्या बशीतलं बी कापायचं नसतं तिच्यावर लाल चिठ्ठी लावतात. मी चिठ्ठी आणायला आत गेले, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बशी ओढून घेतली. त्यांना सगळे 'घाईमहाराज' म्हणतात, ते उगाच नाही. मी परतले तेव्हा ते शेवटचं बी कापत होते. सगळी अर्धुकं एकसारखी, सुबक.

"चिठ्ठी नव्हती," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिठ्ठी नव्हती हे खरंच होतं. शेवटी मी ती अर्धुकं औषधात ठेवली. एकही लाल झालं नाही.

"बघा, मेलेलंच होतं," घाईमहाराज म्हणाले. त्यांना हायसं वाटलं. मला रडू आलं.

ती बशी घरी आणून मी मावशीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. बशी मांडीवर घेऊन एकेक अर्धुक बोटांनी चाचपत राहिली आणि त्यांचे दोन वाटे केले.

"ही तिची," ती म्हणाली. "आणि ही माझी."

खिडकीच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन लांबट कुंड्या होत्या. डावीत तिनं आईचा वाटा पेरला, उजवीत स्वतःचा.

"मावशी, ती मेलीत. वर कापलीतसुद्धा."

"तुझी परीक्षा घेऊन झाली ना? मग मला पेरू दे."

बी उगवलं.

दोन्ही कुंड्यांत कोंब आले. या वेलीच्या कोंबाला दोन पानं असतात, एक डावं आणि एक उजवं. इथे प्रत्येकाला एकेकच होतं. मी हलकेच माती सारून पाहिलं. मुळाशी अर्धं कवच चिकटलेलं होतं, ब्लेडची कड तशीच सरळ. एका मुळाचं टोक खुडून मी प्रयोगशाळेत औषधात ठेवलं. ते हिरव्यागार, वाढत्या रोपाचं होतं. पांढरंफटक राहिलं.

ती बशी मी धुऊन जागेवर ठेवली.

वेली उजेडाकडे गेल्या नाहीत. खिडकीच्या गजांवरून त्या एकमेकींकडे सरकत राहिल्या. मावशी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसायची. तिला धाप लागायची, पण चेहरा लग्नघरातल्या पोरीसारखा.

मग एका सकाळी कळ्या उमलल्या. नरसाळं उभं कापावं तशी अर्धी फुलं, डाव्या वेलीवर डावी, उजव्या वेलीवर उजवी. निळा रंग कडेशी येऊन सरळ रेषेत थांबलेला. मी चहा टाकायचं विसरून बघत उभी राहिले.

ऊन गजांवर आलं. वारा नव्हता. तरी फुलं हलली, जवळ आली आणि अर्ध्याला अर्धं टेकलं.

सांधा दिसेना. मी भिंग आणून पाहिलं. सांधा नव्हताच.

आणि वास आला. नुकत्याच न्हालेल्या ओल्या केसांचा. आईचा.

भीती वाटत नव्हती. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आपण ते पाहायला लायक आहोत का, असंच वाटत होतं.

"आलीस होय?" मावशी फुलाला म्हणाली. "किती वेळ लावलास, ताई."

त्यानंतर काही दिवस रोज सकाळी तेच घडत राहिलं. मग एकदा मी उठले तेव्हा मावशी खुर्चीतच होती, हात खिडकीत टेकवून. हात गार होता.

उजव्या कुंडीतली वेल वाळून कोळ झाली होती, जणू महिनोन्‌महिने तिला कुणी पाणी घातलं नसावं. काल मीच घातलं होतं.

डाव्या वेलीवरची फुलं पूर्ण होती.

ती गळाल्यावर वेलीला एकच बी धरलं. काळं, टपोरं, अखंड. मी ते घरीच बशीत भिजवलं. सकाळी कापायला ब्लेड घेतलं, तर बशीत दोन अर्धुकं पडलेली होती. कड सरळ, सुबक.

दोन्ही प्रयोगशाळेत नेऊन औषधात ठेवली. एक पांढरं राहिलं.

दुसरं लाल झालं.

पांढरं मी डाव्या कुंडीत पेरलं. लाल अर्धुक डबीत आहे. ते कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. घरात आता मी एकटीच उरलेय.

आज कोंब वर आला. पान एकच आहे, आणि ते उजव्या कुंडीकडे झुकलंय. त्या कुंडीत अजून नुसती माती आहे.