उसने संवाद

पहाटे पाचला उठून लिहायला बसायचं, या सवयीला आता सहा वर्षं झाली होती. गजर व्हायच्या आधीच तिला जाग यायची. धाकटी बहीण पुढच्या खोलीत झोपलेली असायची. तिची झोपमोड नको म्हणून ही अंधारातच चाचपडत चहा करायची, कप घेऊन मागच्या खोलीत जायची, दार लोटायची आणि टेबलावरचा दिवा लावायची. साडेसातला वही मिटायची. मग आंघोळ, डबा आणि आठ चाळीसची बस.

दिवसभर ती लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करायची. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, बोलताना जीभ कुठे अडेल, ओठ कुठे टेकेल याचा अंदाज घ्यायचा, मग घासून घासून गुळगुळीत करायचं. तिची नोकरीच मुळी दुसऱ्यांची तोंडं नीट बोलती करण्याची. लॅबमध्ये तिला सगळे कादंबरीबाई म्हणत.

"काय कादंबरीबाई, आज हिरोने हिरॉइनला काय विचारलं?"

"दाढ कुठली दुखते ते," ती खाली मान घालूनच म्हणायची, आणि अख्खी लॅब खिदळायची.

थट्टा होती, पण तिला ती बोचायची. कारण हिरो आणि हिरॉइन एकमेकांशी काय बोलतात, हेच तिला सुचत नव्हतं. दोन प्रेमकादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, दोन्ही साभार परत आल्या होत्या. दुसऱ्या वेळी संपादकबाईंनी मुद्दाम फोन केला. "वर्णनं छान करता हो तुम्ही. पण तुमची माणसं बोलत नाहीत, भाषणं ठोकतात. प्रेमातली माणसं घरात काय बोलतात, कधी ऐकलंय का?"

ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणी आई-बाबांमधली सगळी बोलणी या दोघी बहिणींमार्फत चालायची. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." चाळिशी जवळ आली तरी तिच्या कानांवर त्यापलीकडचं काही पडलं नव्हतं.

या नव्या भाड्याच्या घरात आल्यावर तिने टेबल मागच्या खोलीतल्या भिंतीला लावलं. तिसऱ्या की चौथ्या पहाटे ती कोऱ्या पानाकडे बघत बसली होती, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. म्हातारा, खरखरीत.

"माझा चष्मा पाहिलास का?"

"पाहिला," एक बाई म्हणाली.

"कुठे?"

"सत्तावीस वर्षं तुमच्या नाकावरच पाहतेय."

मग बाईच म्हणाली, "एवढं काय निरखताय?"

"रीडिंग घेतोय."

"मग? किती भरलं?"

"अजून फिरतंय."

तिने कप खाली ठेवला आणि जसंच्या तसं लिहून घेतलं.

शेजारच्या काकांना तिने जिन्यात एक-दोनदा पाहिलं होतं. विजेच्या मीटरचे आकडे टिपत फिरण्याची नोकरी करून निवृत्त झालेले, किडकिडीत, पायऱ्या मोजत उतरणारे. तेव्हाही एकटेच. काकूंना गुडघेदुखी असेल, घराबाहेर पडत नसतील, असं तिने आपलं मनाशी ठरवून टाकलं.

त्या पहाटेनंतर तिचा दिनक्रमच बदलला. गजर चार पन्नासवर आला. चहा बंद झाला, कारण घोट घेताना शब्द निसटायचे. तिने एक वेगळी वही केली. त्यात तारीख घालायची, भिंतीला काचेचा पेला लावायचा, पेल्याला कान, आणि डाव्या हाताने पेला धरून उजव्या हाताने लिहायचं. दोघं काय बोलायचे? काही नाही. खिडकी लावा, गार वारं येतंय. बटण शिवून ठेवलंय, दोरा जुळला नाही. कुशीवर वळा, घोरताय. पण ते ऐकताना तिला पान उलटायचंही भान राहायचं नाही. दिवसभर लॅबमध्ये दात बसवता बसवता ती तीच वाक्यं पुटपुटायची, आणि दुसऱ्या पहाटे ती आपल्या पात्रांच्या तोंडी घालायची.

दहा प्रकरणं पाठवून झाली तशी संपादकबाईंचा फोन आला. "हे कुठून आणलंत हो? मी रडले वाचून. शेवटचं प्रकरण द्या लवकर, पुस्तक आम्ही काढतोय."

बहिणीने मात्र प्रकरण वाचून कागद खाली ठेवले. "ताई, छान आहे. पण हे तुझं नाही वाटत गं."

"शेजारचे काका-काकू बोलतात तसं थोडंसं घेतलंय."

"काकू?" बहीण म्हणाली.

मग एका पहाटे तिने बहिणीला उठवून भिंतीशी नेलं. बहिणीने जांभई देत पेल्याला कान लावला. "काका एकटेच पुटपुटतायत," ती म्हणाली. "कोणी उत्तर देत नाहीये. झोपू दे मला." आणि त्याच क्षणी शेजारी भिंतीला टेकलेल्या हिच्या कानात काकूंचा आवाज लख्ख वाजत होता. अर्धवट झोपेत आहे, हिला काय कळणार, असं म्हणून तिने तो विषय झटकून टाकला.

झटकता आली नाही ती दुसरीच गोष्ट. एकदा वहीत उतरलेलं वाक्य भिंतीपलीकडे पुन्हा कधी ऐकू यायचं नाही. आधी वाक्यं जात होती, मग शब्द जायला लागले.

"खिडकी लावा हो," काकू एकदा म्हणाल्या, "ते येतंय... ते... गार..."

"वारं?"

"काय म्हणालात?"

"वारं गं. वारं."

"असेल," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एखाद्या रिकाम्या डब्यातून यावा तसा आला.

आदल्याच दिवशी हिने वाऱ्यावर दोन पानं लिहिली होती. योगायोग, ती स्वतःला म्हणाली, आणि तारीख घालून हेही लिहून घेतलं.

त्यानंतर आठवडाभराने काकू बोलता बोलता मध्येच थांबल्या. मग अगदी खालच्या आवाजात, पण भिंतीच्या फार जवळ येऊन म्हणाल्या, "हळू बोला. पलीकडे कोणीतरी लिहून घेतंय."

पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने ते उचललंसुद्धा नाही, उचलताना आवाज होईल म्हणून. शाईचा ठिपका पसरत गेला.

इथे तिने थांबायला हवं होतं. पण शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आणि सहा वर्षं पहाटे उठल्यावर आता कुठे कोणीतरी पुस्तक काढतो म्हणालं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. पलीकडून फक्त काकांचा आवाज आला. "अगं, बोल ना... बोल ना काहीतरी... एवढं काय झालं?"

तेही तिने लिहून घेतलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात काका. स्वच्छ सदरा, चष्मा, हातात रुमालात गुंडाळलेली एक डबी.

"तुम्ही दातांचं काम करता असं ऐकलं," ते म्हणाले. "एक कवळी बघायची होती. माझी नाही. हिची."

"घेऊन या ना काकूंना," ती म्हणाली. "तोंडात बसवून बघितल्याशिवाय..."

"ती नाही यायची." काकांनी चष्मा काढून पुसला. "तीन वर्षं झाली तिला जाऊन."

ती दाराला धरून उभी राहिली. तोंडावर काही दिसू द्यायचं नव्हतं.

"मला वेड लागलं म्हणाल. म्हणा. चौतीस वर्षं आकडे टिपले, एकही चुकला नाही, तेव्हा डोकं ताळ्यावर आहे माझं. ती रोज पहाटे बोलते माझ्याशी. गेल्यापासून एक दिवस खाडा नाही. मला दुसरं कोण आहे? पण हल्ली अडखळते. तोंड उघडते, शब्द मिळत नाही. म्हणते, होता, आता नाही. परवा मला काय म्हणून हाक मारायची तेच आठवेना तिला." त्यांनी डबी पुढे केली. "मला वाटलं, कवळी सैल झाली असेल. तुमच्याकडे... भिंतीतून कधी काही ऐकू येतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"बरंय. त्रास नको कुणाला आमचा."

सोमवारी लॅबमध्ये तिने डबी उघडली. तीन वर्षं कोरड्या डबीत पडलेली कवळी कशी दिसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. निस्तेज, वाळकी, वेडीवाकडी झालेली. ही ओली होती. आतून कोमट होती. तिने ती फडक्याने पुसली, टेबलावर ठेवली, आणि बघता बघता पुढच्या दातांवर पुन्हा वाफ धरली, थंडीत काचेवर आपला श्वास धरतो तशी. कवळीत दोष काहीच नव्हता. एक कंगोराही झिजलेला नव्हता. तिने ती उगाचच जराशी घासली आणि परत डबीत ठेवली.

दोष कुठे आहे ते तिला कळलं होतं.

त्याच दुपारी तिने संपादकबाईंना फोन करून कादंबरी मागे घेतली. "ते माझं नव्हतं," एवढंच सांगितलं.

"कोणाचं असतं?" बाई वैतागल्या. "ऐकूनच लिहितात सगळे! छपाई ठरलीय माझी, तुम्ही काय खेळ मांडलाय?" पुढे त्या बरंच बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा आमच्याकडे काही पाठवू नका." तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या पहाटे ती वही घेऊन बसली. पेला लावला नाही. पहिलं पान काढलं आणि भिंतीला तोंड लावून हळू आवाजात वाचलं, "सत्तावीस वर्षं तुमच्या नाकावरच पाहतेय."

पलीकडे काहीच नाही. तिने पुन्हा वाचलं. मग एक पुटपुट आली, लहान मूल धडा गिरवतं तशी. "सत्तावीस... वर्षं... तुमच्या..." आणि मग एकदम घोटीव, ठसक्यात, "तुमच्या नाकावरच पाहतेय!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका हसत होते की रडत होते, सांगता येत नव्हतं.

तिने त्या ओळीवर काट मारली. पुढची वाचली. वारं दिलं, दोरा दिला, बटण दिलं. रोज सात-आठ पानं. अठरा दिवस लागले. रोज बसमध्ये बसताना तिला हलकं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाचं तरी काहीतरी नीट केलं, असं.

कवळी परत द्यायला गेली तेव्हा काकांचा चेहरा उजळला होता. "कसली कारागीर आहात हो तुम्ही! घडाघडा बोलते आता." मग जरा संकोचून म्हणाले, "तुमच्याबद्दल विचारत असते हल्ली. काय लिहितात, कुणासाठी लिहितात. पलीकडच्या बाईंचा आवाज गोड आहे म्हणाली."

ती कशीबशी हसली, घरी आली आणि दार लावून घेतलं.

अठराव्या पहाटे शेवटची ओळ वाचून तिने वही मिटली. खोलीत उजाडत होतं. दिवा घालवायला हात पुढे केला, तेवढ्यात भिंतीतून, नेमका तिच्या कानाच्या उंचीवर, आवाज आला.

"पुढे?"

"...संपलं," ती म्हणाली. "एवढंच होतं तुमचं."

मग लाडीगोडीने, "मग तुमचं वाचा ना."

ती उठून जाऊ शकली असती. पण सहा वर्षांत कोणी, कधीही, तिचं लिहिलेलं मागितलं नव्हतं. तिने खालचा खण उघडला, परत आलेल्या पहिल्या कादंबरीचे कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. पलीकडून प्रत्येक वाक्य तिच्यामागून म्हटलं जात होतं. भाषणासारखी वाटणारी ती वाक्यं त्या आवाजात किती सुंदर वाटत होती!

पहिली कादंबरी संपली, दुसरी सुरू झाली.

लॅबमध्ये एका सकाळी ती हात पुढे करून म्हणाली, "ते द्या जरा... ते... गुलाबी..." सगळे हसले. "मेण, कादंबरीबाई, मेण!" ती हसली नाही. तो शब्द तिला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला. त्या आठवड्यात बसच्या थांब्याचं नाव गेलं, मग आईचा आवाज कसा होता ते गेलं. त्यावर पहिल्या कादंबरीत एक अख्खं प्रकरण होतं.

तेव्हा मात्र ती घाबरली. उरलेले कागद तिने दोरीने बांधून माळ्यावर टाकले. टेबल ओढत पुढच्या खोलीत आणलं, मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि गजर सातवर नेला. आठ दिवस गेले. काही झालं नाही. शब्द परत आले नाहीत, पण आणखी गेलेही नाहीत. बहीण म्हणाली, "बरं केलंस ताई, चेहरा किती ओढला होता तुझा."

नवव्या दिवशी सुट्टी होती. चांगलं लख्ख ऊन आलेलं. ती टेबलाशी कोरं पान घेऊन बसली होती आणि बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मध्येच बहिणीने आत डोकावून पाहिलं, एकदा भिंतीकडे, एकदा हिच्याकडे.

"ताई, तू आत्ता हसलीस का?"

"नाही. का?"

"काकांकडे कोणीतरी बाई हसतेय. मघापासून ऐकतेय मी." बहीण गोंधळून थांबली. "अगदी तुझ्यासारखं गं. सुरुवातीला नाकातून, आणि मग ते शेवटी श्वास ओढतेस ना... हुबेहूब तसं."

तिने उत्तर द्यायच्या आधी एकदा हसून बघायचा प्रयत्न केला. ओठ फाकले, दात दिसले, पण आवाज काही आला नाही.

भिंतीपलीकडे पुन्हा कोणीतरी हसलं. या वेळी तिनेही ऐकलं.

हसणं तर तिने कधी कुठे लिहिलंच नव्हतं.