मागचं डावं दार

विमा कंपन्यांसाठी गाड्यांची पाहणी करण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. ठोकलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. म्हणून इथेही जे दिसलं तेवढंच लिहितो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते. पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत रामकृष्णरावांच्या घराला लागून पत्र्याची शेड होती. ती पाडायची नोटीस आली आणि त्यांच्या मुलाने, परागने, मला बोलावलं. रामकृष्णराव मागच्या दिवाळीत गेले होते. शेडमध्ये त्यांची फियाट होती, सहासष्ट सालची. मुंबईहून मालगाडीत चढवून आणलेली. मीटरवर आकडा होता एकसष्ट.

मला वाटलं, मीटर एक फेरा पूर्ण करून पुन्हा एकसष्टवर आलं असेल. पण पेडलचे रबर कोरे होते. स्टेअरिंगवर हाताची झिलई नव्हती. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, पण निघालं नव्हतं. दारांच्या मुठींवर मेणकागद तसाच होता, फक्त पुढच्या दोन्ही दारांचा आणि मागच्या उजव्या दाराचा फाटलेला. गाडी खरंच एकसष्ट किलोमीटरच चालली होती. रायपूरहून जवळच्या अभनपूर गावाला जाऊन परत यायला तेवढंच अंतर पडतं.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहून मग खोडली. गाडी मागे डावीकडे झुकलेली होती, दोन बोटं. टायर बसलेत म्हणावं तर दोन्ही आसांखाली विटा रचून चाकं जमिनीवरून उचललेली. म्हणजे त्या बाजूच्या स्प्रिंगचे पाटे बसलेले. पाटे बसतात वजनाने, आणि या गाडीने वजन वाहिलेलंच नव्हतं. मी आत वाकून डावीकडच्या सीटवर हात ठेवला. बाकी सगळ्या प्लास्टिकवर धूळ होती, तेवढ्या जागी नव्हती. आणि ती जागा कोमट होती. पत्रा तापला असेल, असं मी म्हणालो. मग लक्षात आलं की फेब्रुवारीतली सकाळ होती आणि शेडवर पिंपळाची सावली होती.

गाडीबद्दल दोन मतं होती. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याला ही गाडी दर्शनी दालनात, काचेमागे ठेवायची होती. त्याची एकच अट, आकडा एकसष्टच्या पुढे सरकता कामा नये. परागला गाडी द्यायचीच नव्हती. तो रेल्वेत नोकरीला, मराठी समजायचं सगळं, पण बोलायचा हिंदीतच. "भैया, गाड़ी चलाने के लिए होती है," तो म्हणायचा. "पापा ने पूरी ज़िंदगी पोंछा, चलाया एक दिन।"

मी परागच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो. उभी गाडी आतून मरते. रबर कडक होतं, टाकीत गंज धरतो, पिस्टन जागच्या जागी अडकतो. ज्याला आपण जपणं म्हणतो ते पुष्कळदा नुसतं सडवणं असतं. हे मी विमलाकाकूंनाही समजावलं. त्या परागच्या आई, सत्तरीच्या, अंगाने बारीक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पराग चहा आणायला आत गेला तेव्हा म्हणाल्या,

"चालवू नका. विकूही नका. राहू द्या जशी आहे तशी."

शेड पडणार आहे, गाडी हलवावी तर लागेलच, असं मी म्हणालो. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं ते असं. गाडी आली त्या आठवड्यात ते तिघं अभनपूरला गेले होते. रामकृष्णराव चालवत, शेजारी त्यांचे थोरले भाऊ अनंतराव, मागे उजवीकडे काकू. परतताना एका तळ्यापाशी इंजिनात पाणी घालायला थांबले. दोन मिनिटं. पुन्हा निघाले तेव्हा गाडी जड झाली होती.

"मी खिडकीतून बाहेरच पाहत राहिली," काकू म्हणाल्या. "पण कळते ना माणसाले, बाजूले कोणी बसलं आहे ते. रायपूर येईपर्यंत कोणीच बोललं नाही. घरी आलो, आम्ही तिघं उतरलो. ते नाही उतरलं."

"काहून?" मी विचारलं. विचारताना मला हसू आलं नाही, एवढं आठवतं.

"त्याच्या बाजूचं दार कोणी उघडून दिलं नाही ना."

पराग चहा घेऊन आला आणि काकू वाटाण्याच्या भावाविषयी बोलू लागल्या.

मी त्या गोष्टीला म्हातारपण म्हणून बाजूला ठेवलं. नवऱ्याने छत्तीस वर्षं एक गाडी कुलपात ठेवली, कारण कधी सांगितलं नाही, तर बायको एखादं कारण तयार करते, असं मी माझ्याशी म्हणालो. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट मुठींवरच्या कागदाशी नेमकी जुळत होती, तीन मुठींचा फाटलेला, चौथीचा शाबूत, हेही मला दिसत होतं.

शेवटी असं ठरलं की गाडी समता कॉलोनीत माझ्या घरी न्यायची. माझ्याकडे रिकामं गॅरेज होतं. पुढे काय करायचं ते निवांत ठरवू. गल्लीत ट्रक शिरत नव्हता, ओढून न्यायला वळणावर जागा नव्हती, म्हणजे चालवतच नेणं आलं. परागने मीटरची केबल काढून ठेवू म्हटलं. मी नाही म्हणालो. गाडी जेवढी चालेल तेवढं मीटर दाखवेल.

चार दिवस मिस्त्री लावून टाकी धुतली, तेल बदललं, ब्रेक नवे बसवले, टायर घातले. पाचव्या दिवशी सकाळी अकराला इंजिन सुरू झालं. एकदाही न खाकरता. पराग चालवायला बसला, मी त्याच्या शेजारी. माझी अवजारांची पिशवी मिस्त्रीने मागच्या सीटवर ठेवली होती, उजवीकडच्या दारातून. काकू ओट्यावर उभ्या होत्या. माझ्या खिडकीपाशी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "मागचं डावं दार उघडू नका बरं." मी हव म्हणालो.

गल्ली संपेपर्यंत पराग खूश होता. मुख्य रस्त्याला लागल्यावर त्याचं बोलणं थांबलं.

गतिरोधकावर मागचं डावं चाक मडगार्डला घासलं. आम्ही दोघंही पुढे बसलेले, दोघंही सडपातळ. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा घासलं. परागने वेग कमी केला, जसा आपण घरातलं म्हातारं माणूस मागे बसलेलं असलं की करतो.

मग त्याने आरसा वर छताकडे फिरवून ठेवला.

वळणावर माझी पिशवी मागे घसरली आणि सीटच्या मध्यावर येऊन कशाला तरी टेकून थांबली. तो आवाज मी ऐकला. मागे वळून पाहिलं नाही. खिडकीतून बाहेरची दुकानं बघत राहिलो.

घर आलं. मी उतरून फाटक उघडलं. परागने गाडी गॅरेजमध्ये घेतली, इंजिन बंद केलं आणि झटकन उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मला पिशवी काढायची होती. मागचं उजवं दार भिंतीतल्या खांबाला अडत होतं.

सव्वीस वर्षं मी दिवसाला दहा गाड्यांची दारं उघडतो. हात आपोआप जातो. मुठीवरचा मेणकागद बोटांखाली फाटला तेव्हा मला काकूंचं बोलणं आठवलं. तोवर दार उघडलं होतं.

मी पिशवी उचलली.

पिशवी हातात आल्यावरही मी दार धरून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. कोणी उतरायचं असलं की आपण बाजूला होऊन उभं राहतो, तसा मी उभा होतो.

पाटे करकरले. गाडी डावीकडून हळूच वर आली. दोन बोटं.

रमा, माझी बायको, ट्रेमध्ये पाणी घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये तीन पेले होते. पराग आणि मी प्यालो. तिसऱ्याकडे मी पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "तिघं उतरले ना तुम्ही?" आणि रस्त्याकडे पाहू लागली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मीटर पुढे गेल्याचं कळल्यावर हॉटेलवाल्याने सौदा सोडला. परागने आठ दिवसांनी गाडी नेली आणि आता तो ती रोज चालवतो. गाडी सरळ उभी राहते, कुठे घासत नाही, आवाज नाही. इतकी हलकी गाडी मी पाहिली नाही. विमलाकाकू तिच्यात बसून महामाया मंदिरात जातात, मागे, डावीकडे. नेली त्या दिवशी त्याही आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर तळवा टेकवून पाहिला. मग मला विचारलं, घरी तुम्ही किती जण. दोघंच, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि परागला लवकर निघायला सांगितलं. पुन्हा त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

काल दुपारी मी कामावरून आलो तेव्हा रमा दिवाणावर बसून वाटाणे सोलत होती. रेडिओ लागला होता, पंखा बंद होता. मी चपला काढल्या, आणि तिच्या डाव्या बाजूला नेहमीच्या जागी बसायला गेलो.

तिने मान वर केली नाही. टोपली तेवढी मांडीवर ओढून घेतली.

"इकडं नका," ती म्हणाली. "तिकडून बसा."

मी तिकडून बसलो.