एक ट्रक, दोन गिऱ्हाइकं

मी आधी पाहिले ते त्याचे पाय... ट्रकखालून बाहेर आलेले, धुळीनं माखलेले.

मालककाकांनी एकाच ट्रकसाठी दोन गिऱ्हाइकांना एकाच सकाळी बोलावलं होतं. तो सुतार, त्याला कपाटं पोचवायला गाडी हवी होती. मला रोपवाटिकेसाठी. गाडी जमली नाही, तर रोपवाटिका बंद करून दादाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरून गेलं होतं.

“सांगाडा पार गंजलाय,” खालून आवाज आला. “तुम्ही नका पडू यात.”

मीही कच्च्या गुरूची चेली नव्हते. काकांना इंजिन सुरू करायला लावलं आणि धूर निळा येतोय, इंजिन तेल पितंय, असं ठासून सांगितलं. तो बाहेर आला, धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे – आणि हसला. निळा धूर नव्हताच मुळी.

काका वैतागले. चक्कर एकच मिळेल, दोघं मिळून मारा, म्हणाले.

मी चालवायला बसले. चढावर मुद्दाम गाडी थांबवली, पुन्हा उचलली. तसूभरही मागे सरकली नाही. असा ट्रक पुन्हा मिळणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

पुढच्या वळणावर त्याच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. मी झटकन त्याची बाही धरली, गाडी कडेला घेतली. त्यानं दार ओढून लावलं, तरी बाही माझ्या मुठीतच.

“दार लागलंय आता,” तो हळूच म्हणाला. “पण... राहू द्या. घाई नाही.”

मी कानकोंडी झाले. काहीतरी बोलायचं म्हणून रोपवाटिकेचं सांगितलं, दादाच्या दुकानाचंही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“सांगाडा ठणठणीत आहे,” शेवटी म्हणाला. “मी थाप मारली. घ्या तुम्ही.”

“आणि तुमची कपाटं?”

“महिन्याला दोन-तीन तर होतात. भाड्याची गाडी बघेन.”

परतल्यावर त्यानंच काकांना तसं सांगून टाकलं. सौदा ठरला, किल्ली माझ्या हातात आली. आनंदानं उडायला हवं होतं, पण तो फाटकाकडे चालू लागला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी ट्रक त्याच्याशेजारी नेऊन उभा केला.

“भाड्याची गाडी माझी चालेल? गुरुवारी मोकळी आहे मी.”

तो विचारात पडला. “गुरुवारपर्यंत कपाट व्हायचं नाही. अजून लाकूडसुद्धा चिरलेलं नाही.”

“मग?”

“मग काय,” तो वर माझ्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही गुरुवारी याच.”