दहा वाजून वीस मिनिटं

सकाळी नऊला ठाण्यात, नौपाड्यातल्या ऑफिसात फोन वाजला. डोंबिवलीहून इन्स्पेक्टर धोंडीबा खरात बोलत होते.

"मॅडम, तुमच्या मशीननं पास केलेली सलाईन लावली आणि बाई मेली. आत्ताच्या आत्ता निघा."

सुहासिनी कर्णिक तशीच निघाली. डोंबिवली एमआयडीसीतल्या सलाईनच्या कारखान्यात बसवलेलं यंत्र तिनं तीन वर्षं खपून बनवलं होतं. १९९४ साली तसं दुसरं यंत्र तिच्या तरी ऐकिवात नव्हतं. भरलेली बाटली गरकन फिरवायची आणि झटक्यात थांबवायची. काच थांबते, आतलं पाणी फिरतच राहतं. त्यात कचरा असला तर तोही फिरतो. मागे दिवा लावलेली दुधी काच, पुढे कॅमेरा. लागोपाठ दोन फोटो निघतात आणि संगणक ते ताडून बघतो. काही हललेलं दिसलं की बाटली बाद.

मेलेली शेवंती टिटवाळ्याची, बावीस वर्षांची. चार दिवसांची बाळंतीण. तिच्या बाटलीत काचेची बारीक कुसळं सापडली होती. बाटली तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी भरलेली.

कारखान्यात फिटर पंढरी केणी दोन हवालदारांच्या मध्ये उभा होता. सुहासिनीला पाहताच त्याचे डोळे भरले.

"बाई, मी काय पण नाय केला."

तिनं संगणक उघडला. त्यात फक्त बाद बाटल्यांचे फोटो राहत. घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे फोटोवर वेळ नव्हती, नुसता बॅचचा आणि क्रमाचा नंबर होता. मंगळवारचे बेचाळीस फोटो. एक्केचाळीस फोटोंत पाणी मधोमध वाटीसारखं खचलेलं.

बेचाळिसाव्यात पाणी सपाट होतं. आणि मागे दुधी काच नव्हतीच. बाटलीच्या पाण्यात एक चेपलेलं, उभट घड्याळ दिसत होतं. समोरच्या भिंतीवरचं, आकड्यांऐवजी नुसत्या रेघा असलेलं.

"पाणी सपाट, म्हणजे बाटली फिरलीच नाही," ती म्हणाली. "कुणीतरी फिरवणारा रबरी पट्टा काढला. मोटर थांबली तरच भोंगा वाजतो, आणि ती चालूच होती. पट्टा काढायला दुधी काच सरकवावी लागते. ती परत लावण्याआधी त्यानं एक बाटली चालवून पाहिली. मागे घड्याळाचा सेकंद-काटा हलला, म्हणून ती बाद ठरली आणि नेमका तोच फोटो राहिला. मग दिवसभर एकही बाटली बाद नाही. कचरा तळाशी बसलेला, हलणार काय?"

"यंत्राच्या झाकणाला कुलूप आहे. त्याच्या किल्ल्या किती?" खरातांनी विचारलं.

"दोनच," मॅनेजर गुरुदत्त सबनीस शांतपणे म्हणाले. "एक माझ्याकडे, एक पंढरीकडे. आणि घड्याळात दहा वीस झालेत, बघा. त्या वेळी हा एकटाच इथे होता."

"काय रे, खरं?"

"हां साहेब. दहा ते अकरा मशीन पुसत होतो."

"आणि दुपारी?"

"जेवायच्या सुट्टीआधीच सबनीस साहेबांनी ठाण्याला धाडला. बाईंच्या हापिसात, दिवा आणायला."

ते खरं होतं. त्या मंगळवारी दीड वाजता तो आला होता. कमरेच्या किल्लीनंच त्यानं दिव्याच्या खोक्याची पट्टी फाडली होती. पण दहा वीसला त्याचा काय उपयोग? तिनंच शिकवलेला माणूस. सुहासिनीला फोटोकडे बघवेना, आणि नजरही काढवेना.

एकाएकी ती उठली. भरलेली बाटली घेऊन तिनं टेबलावर ठेवली. कागदावर ठसठशीत बाण काढला.

"साहेब, बाण कुठे बघतोय?"

"उजवीकडे."

तिनं कागद बाटलीमागे हातभर लांब धरला. "आता बाटलीतून बघा."

खरात वाकले आणि तसेच थांबले. "आयला! डावीकडे?"

"पाण्यानं भरलेली गोल बाटली म्हणजे भिंगच. लांबची वस्तू त्यातून उजवी-डावी उलटी दिसते. वरचं वर, खालचं खाली तसंच राहतं. फोटोत तास-काटा डावीकडे वर आहे, मिनिट-काटा उजवीकडे खाली. ते उजवं-डावं उलटून वाचा."

खरातांनी बोटानं हवेत काटे काढले. "एक चाळीस."

"जेवायची सुट्टी. तेव्हा पंढरी माझ्यासमोर चहा पीत होता, किल्ली त्याच्या कमरेला होती. उरली एकच किल्ली. आणि पंढरीला पाठवलं कुणी, तेही तुम्ही ऐकलंत."

सबनीसांनी चष्मा काढला. पुसून परत घातला.

"शंभरात बारा बाटल्या फेकत होतं तुमचं यंत्र," ते म्हणाले. "नव्या बाटल्यांची काचच भिकार. शुक्रवारी माल द्यायचा होता. तुम्ही फार बारीक बघायला शिकवलंत त्याला. मला वाटलं, एक दुपार... संध्याकाळी पट्टा परत लावला मी."

"बावीस वर्षांची होती ती," सुहासिनी म्हणाली.

हवालदारांनी पंढरीचा दंड सोडला.

"त्या दुपारी किती बाटल्या गेल्या?" खरातांनी विचारलं.

"साडेतीनशे."

"कुठे?"

सबनीसांनी खणातून यादी काढली. कल्याण, शहाड, उल्हासनगर, आणखी कुठे कुठे. एकोणीस दवाखाने. खरातांनी फोन ओढला आणि पहिला नंबर फिरवला. सुहासिनीनं शेजारच्या केबिनमधला दुसरा फोन घेतला.

शहाडच्या दवाखान्यात नर्सनं उचलला.

"त्या बॅचची सलाईन कुणाला लावू नका," सुहासिनी घाईघाईनं म्हणाली. "शिल्लक असेल तेवढी बाजूला काढा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"थांबा हं," नर्स म्हणाली. "आत्ताच दोन लावल्यात."

रिसीव्हर टेबलावर आपटला. पावलं धावत लांब गेली. सुहासिनी फोन कानाला दाबून उभी राहिली.