एक लांब, दोन आखूड

"ओ मॅडम, बंद करा ना तो आवाज!"

सुमेधा टेबलाखाली अर्धी शिरली होती. घाईत बाहेर येताना तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि आधीच भडकलेलं डोकं आणखी भडकलं. दारात एक तरुण उभा होता. डोळे लाल, केस उभे, टी-शर्ट उलटा. समोरच्या खोलीतला नवा भाडेकरू. गणपतीनंतर राहायला आला होता आणि तेव्हापासून पॅसेजमध्ये समोर आला की दोघं नुसती मान हलवायची, बस्स.

"हौस म्हणून वाजवत नाहीये मी," ती टाळू चोळत म्हणाली. "बिघडलाय तो."

"मग दार तरी लावा."

"ऑक्टोबर चाललाय! या खोलीत दार लावून बसून दाखवा तुम्ही."

"मी दार लावूनच झोपलो होतो हो. तरी ऐकू आलं!"

नायगावच्या बीडीडी चाळीत हे असंच. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. एका घरात कुकरची शिट्टी झाली की दुसऱ्या घरातली बाई गॅस बारीक करायला उठते. आणि आज सकाळपासून सुमेधाचा कॉम्प्युटर सुरू करताच बोंबलत होता. स्क्रीन काळीठिक्कर. नुसता आवाज. बंद कर, चालू कर... पुन्हा तेच.

"मी आयसीयूत नर्स आहे," तो जरा खालच्या पट्टीत म्हणाला. "रात्रभर मशिनी वाजतात. वाजलं की धावायचं. आता घरी येऊन डोळा लागतो, तर तुमचा हा वाजतो आणि मी झोपेतच उठून चप्पल शोधतो."

सुमेधाला हसू येणार होतं. पण आज हसायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

तिचा राग तसा नुसत्या कॉम्प्युटरवर नव्हताच. तो मयूरवर होता. लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा दोघांनी मिळून काढला होता; तो शूटिंग करायचा, ती घरी बसून एडिटिंग. ऐन सीझनच्या तोंडावर त्याला मोठ्या स्टुडिओत नोकरी लागली आणि स्वारी "सॉरी यार" म्हणून चालती झाली. अर्धवट राहिलेली सगळी कामं तिच्या गळ्यात. त्यातलंच एक शीवच्या सम्यकचं लग्न. मे महिन्यात झालेलं. त्या लग्नातली त्याची आजी गेल्या आठवड्यात गेली. रविवारी तिच्या आठवणीचा विधी, पुण्यानुमोदन, होता. काल सम्यकचा फोन आला होता. "ताई, आजीचे तेवढे सीन वेगळे काढून द्याल? तिचं चालतंबोलतं दुसरं काहीच नाहीये आमच्याकडे." सुमेधाने शब्द दिला होता. आणि आज हे मशीन!

"रिपेरवाला कधी येणार?" त्याने विचारलं.

"मंगळवारी! फोनवर म्हणाला, वाजतोय म्हणजे रॅम असणार, पट्टी काढून खोडरबराने घासा. घासली. आख्खा खोडरबर संपला."

"तुम्ही त्याला काय सांगितलंत? कसा वाजतोय म्हणून?"

"कसा म्हणजे? टी-टी-टी वाजतोय. डोकं उठवतोय!"

"पण तो टी-टी-टी नाही वाजत," तो म्हणाला. "पुन्हा लावा बरं."

"आता? आत्ताच तर बंद करा म्हणून ओरडत होतात!"

"लावा ना..."

तिने रागारागाने बटण दाबलं. तो डोळे मिटून दाराच्या चौकटीला टेकला. सकाळपासून तो आवाज ती ऐकत होती, पण दर वेळी तिच्या कानात स्वतःच्याच शिव्या होत्या. आता पहिल्यांदा तिनेही नीट ऐकलं. एक लांब. मग दोन आखूड. थोडी उसंत, आणि पुन्हा एक लांब, दोन आखूड.

"आमच्याकडे प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा असतो," तो म्हणाला. "सलाइन संपली की वेगळा, वायर निघाली की वेगळा. याचाही असेल काहीतरी. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही हं."

पण तिला कळत होतं. तिने मोबाइलवर आपल्या मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. एक लांब, दोन आखूड. डिस्प्ले कार्ड! आणि मग तिला आठवलं, काल झाडताना आईने कॅबिनेट भिंतीकडे सरकवलं होतं... सरकवलं कसलं, ढकललंच होतं. तिने प्लग काढला आणि पत्रा उघडला. ते जाडजूड कार्ड एका बाजूने चक्क खाचेतून सुटून कललं होतं.

"धरा," तिने त्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला. "हलवू नका."

"तुम्ही हात थरथरवू नका."

"माझे नाही थरथरत!"

"माझेही नाही. नोकरी जाईल."

कार्ड काढलं, फुंकर मारून साफ केलं, खाचेत सरळ बसवून दाबलं. खट्. प्लग लावून बटण दाबलं. एकच छोटीशी टिक वाजली आणि स्क्रीन उजळली.

सुमेधाच्या तोंडून आनंदाची एवढी मोठी किंकाळी निघाली की पॅसेजमधल्या तीन दारांतून डोकी बाहेर आली.

"आता झोपू मी?" त्याने विचारलं.

"नाव काय तुमचं?"

"ध्रुव. ध्रुव राणे."

"ध्रुव, टी-शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

त्याने खाली पाहिलं. आणि मान वर करून असा काही हसला की सुमेधाला सकाळचं आपलं ठरवणं मोडावंच लागलं.

शनिवारी दुपारी आजीचे सीन जुळवून झाले तेव्हा ते पाहायला पहिला तोच बसला. सुमेधाची आई बाजूला लसूण सोलत होती. स्क्रीनवर नऊवारीतली ती आजी फोटोग्राफरवर खेकसत होती, "अरे, आधी माझ्या नातसुनेचा पदर नीट कर, मग काढ तुझे फोटो!" सुमेधा हसली. तो मात्र हसला नाही. स्क्रीनकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... मला माणसं अगदी शेवटी भेटतात गं. नळ्या लावलेली. ती अशी कुणावर तरी ओरडत असतील, हे मी कधी पाहिलेलंच नसतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आईच्या मात्र आलं. तिने लसणाची साल फुंकली आणि मान खाली घातली.

मग भांडणं सुरू झाली. रोज. तो झोपायच्या वेळेला ती सनईचं म्युझिक लावते म्हणून. ती हेडफोन लावून बसली की त्याच्या हाका ऐकतच नाही म्हणून. चहात साखर कमी म्हणून, मग जास्त म्हणून.

"तू जन्मतःच चिडकी आहेस की माझ्यासाठी खास?" त्याने एकदा विचारलं.

"खास कुणासाठी काही करायला तू माझा कोण लागतोस?"

"तेच तर विचारतोय... कोण लागतो?"

ती गॅसकडे वळली. दूध उतू जात नव्हतं, तरी फुंकर मारत राहिली.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ते फाइव्ह गार्डनला चालत गेले. शेवपुरी खाऊन झाल्यावर, झाडाखालच्या बाकावर त्याने हळूच तिचं मनगट धरलं.

"नाडी बघतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "हात धरतोय."

तिने हात सोडवून घेतला नाही.

आणि मग दिवाळीनंतर एका दुपारी त्याची आई आली.

लालबागची त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून आईवडील बदलापूरला भाड्याने राहायचे. कौसल्याबाई न कळवता आल्या, हातात बांगड्याच्या तिखल्याचा डबा. मुलाच्या खोलीला कुलूप. वळून पाहतात तर समोरच्या उघड्या दारातून मुलगाच दिसला. सुमेधाच्या शेजारी खुर्चीवर ऐसपैस, तिच्याच कपातून चहा पीत.

"ध्रुवा? ही कोण रे?"

तो ताडकन उठला. त्याची नजर आधी भिंतीकडे गेली, मग आईकडे. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, बाजूला बुद्धाचा. आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "ही... समोरची. कॉम्प्युटरवाली. ते मशीन वाजत होतं ना, ते बघायला आलो होतो."

सुमेधाला वाटलं, कुणीतरी आपल्याला आपल्याच घरातून उचलून बाहेर ठेवलं. तिने त्याच्या हातातला आपला कप घेतला. मायलेक समोरच्या खोलीत गेले आणि तिने दार लावून घेतलं. भर दुपारी दार लागलं म्हणजे काहीतरी बिनसलं, हे त्या पॅसेजमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवरून तसाच तिच्या दारात आला.

"सुमेधा, ऐक ना... आई अचानक आली. मला सुचलंच नाही."

"सुचलं तुला. नीट सुचलं."

"तिला एकदम सांगितलं असतं तर..."

"तुझ्या आईचं नाव घेऊ नकोस. त्यांनी काय केलंय? कोण रे ही, एवढंच विचारलं. तू मात्र आधी भिंतीकडे बघितलंस, ध्रुव. त्यांच्याही आधी. आणि मग बोललास."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मी दिवसभर लोकांची लग्नं एकेक फ्रेम पुढे सरकवून बघते. कोण कधी कुठे बघतो, ते मला कळतं. तू बघितलंस."

"घाबरलो गं मी."

"घाबर ना. माणूस घाबरतो. पण माझ्या घरात, माझा चहा पीत, ज्यांचा फोटो आम्ही बापाच्या जागी लावलाय त्यांच्यासमोर उभा राहून मला कॉम्प्युटरवाली म्हणू नकोस!"

तिचा आवाज पार पॅसेजच्या टोकाला गेला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तो आपल्या खोलीकडे वळला. कुलूप काढायलाही त्याला दोनदा किल्ली फिरवावी लागली.

पुढचे कित्येक दिवस ती नुसती धुमसत राहिली. एडिटिंग करताना नवरे मुलगे दिसले की तिच्या कपाळाला आठी पडायची. कीबोर्डवर बोटं अशी आपटायची की आई म्हणाली, "चूक त्याची, मार त्या बटणांना, आणि जेवत नाहीस तू. हा कुठला न्याय गं?"

"तुला राग नाही आला?"

"आला ना. पण पोरगा वाईट नाही, कच्चा आहे. आता पिकतो की सडतो, ते बघायचं." आईने तिच्यापुढे ताट सरकवलं. "तू मात्र माघार घेऊ नकोस. राग बरोबर आहे तुझा."

रविवारी सकाळी पॅसेज गजबजलेला होता. कुणी पाणी भरत होतं, कुणी दारात बसून कोथिंबीर निवडत होतं. सुमेधा दोरीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात जिन्यावरून ध्रुव आला. मागे धापा टाकत कौसल्याबाई.

तो सरळ सुमेधासमोर येऊन उभा राहिला आणि आईकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"आई, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मी मशीन बघायला आलो नव्हतो. रोज येतो मी इथे. ही सुमेधा. माझं प्रेम आहे हिच्यावर. तेव्हा बोललो नाही, कारण मी भ्यालो. हिचा काही दोष नाही, सगळा माझा आहे."

कोथिंबीर निवडणारे हात थांबले. नळाखाली कुणाची तरी बादली भरून वाहू लागली.

कौसल्याबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुमेधाकडे. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"मेल्या, खोटा कित्याक बोललंस माका? माका वाईट वाटला असता तां वाटला असता. माझा मी बघून घेतलं असतंय. पन पोरीक तिच्याच घरात असा बोललंस? ह्या शिकवलंय मी तुका?"

"आई..."

"गप ऱ्हव. आनि लग्नाचा आता माका काय एक विचारू नको. घरात तुझे बाबा आसत, काका आसत. सोपा नाय तां. माका पन सोपा नाय." त्यांनी कपाळावरचा घाम पदराने टिपला. "जिने चढान माझो जीव गेलो. बसूक जागा आसा काय गे?"

सुमेधाची आई दारातच उभी होती. "या, आत या," ती म्हणाली. कौसल्याबाई क्षणभर उंबरठ्याशी थांबल्या. चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीखालच्या खुर्चीवर बसल्या. पुढे काय होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मुळीच कळत नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये ध्रुव ओल्या चादरीशेजारी तसाच उभा होता.

"अजून रागावलीयेस?"

"प्रचंड."

"अजून किती दिवस?"

"माहीत नाही. आणि आता तर जास्तच. एवढ्या बायकांसमोर, तुझ्या आईला सांगितलंस प्रेम आहे म्हणून! मला सांगितलंयस का कधी? एकदा तरी?"

तो गोंधळला. "नाही... म्हणजे, मला वाटलं तुला माहीत..."

"वाटलं! आधी मला सांगायचं असतं, एवढंही कळत नाही?"

त्याने घसा खाकरला. आजूबाजूला पाहिलं. मग झुकून, तिच्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "सुमेधा, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

तिच्या हातातली चादर घसरून पायांशी पडली. गाल गरम झाले होते, डोळे भरले होते, आणि राग... राग अजून होताच. तिने त्याचा हात पकडला आणि सगळ्या उघड्या दारांच्या देखत घट्ट धरून ठेवला.

"कुजबुजू नकोस," ती म्हणाली. "मोठ्याने म्हण. टोकाच्या खोलीपर्यंत गेलं पाहिजे."

ध्रुवने छातीभर श्वास घेतला आणि तेच मोठ्याने म्हटलं.